ब्लाउजचे फोटो कोणाच्या प्लॅनमध्ये?

फोनमधली जागा भरली की फोन निदान सांगतो तरी. घरातल्या किश्शांचं तसं नाही. लग्न होऊन मी लोणखेड्याला आले, फारसं बोलत नाही म्हणून कोपऱ्यात बसून ऐकत राहिले, आणि बघता बघता डोकं काठोकाठ भरलं! त्यातले थोडे इथे उतरवून ठेवते.

*

माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचं शहाद्यात खत-बियाण्यांचं दुकान आहे. घरातले फोन, घड्याळ, टीव्ही सगळं एकाच कंपनीचं असावं हा त्यांचा नियम. लग्न ठरताना सासऱ्यांनी माझी पत्रिका पाहिली. दादांनी फोन पाहिला. कंपनी तीच निघाली. "जुळतंय!" दादा म्हणाले.

लग्नानंतर दादांचे मामा हळदीचा व्हिडिओ घेऊन आले. तो टीव्हीवर लागेना. मामांचा फोन दुसऱ्या कंपनीचा!

"मामा, तुम्ही फोनच बदलून टाका," दादांनी सल्ला दिला.

मामांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग दादांकडे, आणि पक्क्या अहिराणीत विचारलं, "फोन मन्हा, भाचा मन्हा, मंग हाऊ टीव्ही कोना शे?"

*

सासूबाईंना रोज सकाळी 'स्टोरेज फुल' असा मेसेज यायचा. त्यांना तो टोमणा वाटायचा. एका दुपारी त्यांनी पदर खोचला आणि भराभर फोटो पुसायला घेतले.

संध्याकाळी सुरतहून नणंदेचा रडवेला फोन. "आई, माझ्या डोहाळजेवणाचे फोटो कुठं गेले?"

दादांनी दोघींचे फोन एकाच खात्यावर चालू करून दिलेले! एकीनं पुसलं की दुसरीचंही पुसलं जायचं. दादांनी धावपळ करून फोटो परत आणले आणि दोघींची खाती वेगळी केली, पण दोन्ही आपल्याच फॅमिली प्लॅनमध्ये: पैसे दादांचे, जागा सगळ्यांची. सासूबाई मात्र चकितच होत्या. "मी ते मन्हंच आंगन झाडेल व्हतं!"

*

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. केळीच्या प्रत्येक घडाचा फोटो काढायची त्यांना हौस. एकदा दादा म्हणाले, "आप्पा, कंपनीनं फोटो ठेवायच्या जागेचे दर वाढवलेत. प्लॅनपण मोठा घ्यावा लागेल."

"मग दुसऱ्या कंपनीकडं जाऊ."

"आता कसं जाणार? आपलं सगळं त्यांच्याकडंच आहे."

आप्पा बागेत निघाले होते. चप्पल घालता घालता थांबले. "मंग हाऊ केळीना व्यापारीच शे. माल गाडीमा भराई ग्या, का मंग भाव सांगस!"

*

आता माझं सांगते. माहेरी, म्हसावदला, मी ब्लाउज शिवायची. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक ब्लाउजचा फोटो काढायची. पाठ, बाही, गळा. बायका ते फोटो बघूनच ऑर्डर देतात, म्हणजे माझं दुकान ते फोटोच. लोणखेड्यातही मशीन मांडायचंच, हे मी ठरवूनच आले होते. फोटो होते पप्पांच्या फॅमिली प्लॅनमध्ये.

एक दिवस पप्पांचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग कपाशी झाली. मग म्हणाले, "बेटा, त्या प्लॅनमध्ये मोजकीच माणसं बसतात म्हणे. आता तुझी वहिनी आली ना घरात..."

"काढा मला, पप्पा," मी म्हटलं. "फक्त थोडे दिवस द्या."

दादांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "अगं, आपल्यात ये की!" लगेच त्यांची रिक्वेस्ट माझ्या फोनवर हजर. मी बोलते कमी, त्यामुळे मला वाचायला वेळ मिळतो. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: एकदा या प्लॅनमध्ये आलात की वर्षभर दुसऱ्यात जाता येणार नाही. आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, ते ज्याचा प्लॅन तो ठरवणार.

निलेशला, म्हणजे नवऱ्याला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा थोडाच काढणार आहे तुला? सगळं इथंच तर राहील."

"इथं म्हणजे कुठं?" मी विचारलं.

तो विचार करत जेवला. भाजीत मीठ नव्हतं, तेही त्याला कळलं नाही!

*

फोटो आपल्याच हातात ठेवायचे म्हणून हार्ड डिस्क घ्यायला शहाद्याला गेले. स्टँडजवळच्या दुकानदाराला कीव आली. "ताई, हे आता कोण घेतं? सगळं क्लाउडवर असतं. हा शेवटचाच पीस आहे."

"द्या," म्हटलं. "आणि पक्कं बिल द्या."

तो कॉम्प्युटरकडे वळला, बराच वेळ खटपट केली, मग ओशाळून म्हणाला, "बसा जरा. बिलं क्लाउडवर आहेत. नेट आलं की देतो."

*

फोटो उतरवून घेणं हे एक कामच होऊन बसलं. लाइट गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून! निलेशनं खत-बियाण्यांच्या दुकानातला इन्व्हर्टर उचलून घरी आणला. सगळं उतरलं, तपासलं, आणि मी पप्पांच्या प्लॅनमधून बाहेर पडायला बसले.

आत येताना एक बटण असतं. बाहेर पडताना पानांमागून पानं. 'खरंच जायचंय?' 'पुन्हा विचार करा.' 'आठवणी गमावून बसाल.' शेजारी सासूबाई तूर निवडत होत्या. "काय म्हनी ऱ्हायना तो?" त्यांनी विचारलं. मी सगळं वाचून दाखवलं.

"ओ माय! मन्ही माय बी इतली नही रडनी, माले सासरले धाडताना!"

*

पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या मंगलाकाकू. डिस्कवर उतरताना अल्बम विस्कटले होते, त्यामुळे बोटनेकच्या मागून आमच्या घरची हळद, तिच्यामागून पुन्हा पफबाही, असं चाललेलं. एका फोटोवर काकूंनी बोट ठेवलं. "हाच गळा!"

"काकू, ही माझी आत्या आहे. तो ब्लाउज मी शिवलेला नाही."

"मंग शिव ना!"

शिवला.

*

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मी मशीनवर होते, दादा टीव्हीसमोर, सासूबाई ब्लाउजला काजं करत बसलेल्या. दादांनी फोनमधून मान वर केली. "सोनल, तुला पाठवलेली रिक्वेस्ट अजून पेंडिंगच दिसतेय."

मी पाय थांबवला. "दादा, मी नाही येणार प्लॅनमध्ये."

"अगं, पण तुला एक रुपया भरायचा नाही! सगळं मी भरतो."

"म्हणूनच, दादा."

टीव्हीवर कसलीतरी जाहिरात चालू होती. दादांनी तिचा आवाज कमी केला.

सासूबाईंनी सुई कापडात खोचली. उठल्या, आत गेल्या, आणि चार्जिंगला लावलेला आपला फोन घेऊन आल्या. दादांच्या समोरून आल्या आणि तो माझ्या मशीनवर, अर्ध्या शिवलेल्या बाहीवर ठेवला.

"मंग माले बी काढ."