एक नंबर मोठी

कोपरगाव तालुक्यात ज्याच्या विहिरीवर गरजेपेक्षा मोठी मोटर बसलेली दिसेल, त्याची आणि आमच्या दाजींची ओळख आहे असं खुशाल समजावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून त्या भरून देण्याचं त्यांचं दुकान होतं. तीन हॉर्सपॉवरची मोटर घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला ते पाचची घ्यायला लावत आणि पाचवाल्याला साडेसातची. "रातच्याला समद्यांच्या मोटरी एकदम चालू व्हत्यात, व्होल्टेज पडतं. एक नंबर मोठीच घ्या." हा सल्ला पुढे विहिरीपुरता राहिला नाही. ताईचा कुकर एक नंबर मोठा होता, दाजींच्या चपला एक नंबर मोठ्या होत्या, आणि त्यांनी मला लग्नात दिलेलं कपाट घरात घेण्यासाठी आम्हाला दाराची चौकट काढावी लागली होती.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चुकीचा आकडा त्यांना सहन होत नसे. एका लग्नात सत्काराचं भाषण चाललं होतं. नवरदेवाच्या वडिलांनी माळरानावर दोनशे फुटांवर पाणी लावलं, असं वक्ते म्हणाले. पंगतीत बसलेले दाजी तोंडातला घास तसाच ठेवून ओरडले, "एकशे ऐंशी!" भाषण तिथेच संपलं. ताई त्यानंतर महिनाभर त्या घरी गेली नाही.

हे सगळं चालवून घेता आलं असतं, पण नव्वद सालानंतर कधीतरी रद्दीच्या दुकानातल्या एका परदेशी मासिकात त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं चित्र दिसलं. त्याची रेडिओवर उडणारी आठ फुटी प्रतिकृती त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत बांधायला घेतली. चार वर्षं ती खोली विमानाचीच झाली. पाहुणे पंखाखालून वाकून आत येत. ताईला त्याच खोलीत मुलींसाठी शिवणाचा वर्ग काढायचा होता. मशिनी सांगून ठेवलेल्या होत्या, मुली विचारून जात होत्या. शेवटी एका गणपतीत तिने सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत उडालं तर उडालं. नाही उडालं, तर पाडव्याला हे उकलणार, आणि पंखांच्या फळ्या करून त्यावर कापड बेतणार." ताई धमक्या देत नाही, तारीख देते. दाजींना ते माहीत होतं.

विमान तयार होतं, अडलं होतं ते मोटरीवर. एवढ्या मोठ्या विमानाला त्या वेळी लोक इंजिन बसवत. दाजी ऐकूनही घेईनात. "जल्मभर मोटरी भरल्या आन् आता धूर काढू व्हय?" मी नगरला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते, मला क्रमाने काम झालेलं आवडतं. मी त्यांना सांगितलं, आधी वजन, मग तेवढ्या वजनाला सोसेल अशी बॅटरी, मग त्या बॅटरीला परवडेल अशी मोटर. दाजींचा क्रम उलटा होता. त्यांनी आधी जुन्या मोटारीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर लावून पाहिली. विमान खाटेला बांधून बटण दाबलं, तेव्हा ते जागचं हललं नाही, पण ताईचे पापड शेजारच्या अंगणात गेले. मग आणखी दणकट मोटर आणली. तिला सेल जास्त लागले, सेलांनी वजन वाढलं, आणि वाढलेल्या वजनाला पुन्हा मोटर कमी पडली. स्वयंपाकघरातला ताजवा महिनाभर विमानाखाली होता.

शेवटी मी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावून दिला. त्याने वजन विचारलं, पंखाची लांबी विचारली आणि एक मोटर सुचवली. दाजी म्हणाले, "तिच्यापेक्षा एक नंबर मोठी द्या."

"साहेब, ती बॅटरी लवकर संपवेल."

"तुमच्याकडं व्होल्टेज पडत न्हाई, तुमाला काय कळायचं!"

मी म्हटलं, "दाजी, आभाळात शेजाऱ्याची मोटर चालू होणार नाही."

"मेहुणीबाई, आपण तयारीत असावं."

दिवाळीच्या आधी अण्णांच्या पडीक रानात विमान ठेवलं. अण्णा म्हणजे दाजींचे शेजारी आणि गिऱ्हाईक. त्या रानाला लागूनच त्यांचा ऊस उभा होता. ताई हाताची घडी घालून बांधावर उभी राहिली. विमान धावलं, उचललं गेलं आणि घरातला पंखा फिरावा एवढाच आवाज करत आमच्या डोक्यावरून गेलं. ताईची घडी सुटली. "अहो, हे तर खरंच विमान आहे," ती म्हणाली. विमानाने उसावर एक मोठं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मोटर मंदावली. दाजी हातातल्या रिमोटच्या कांड्या ओढत राहिले. विमान सरळ तरंगत खाली आलं आणि उसात दिसेनासं झालं. चहाला उकळी यायला लागतो तेवढाच वेळ ते वर होतं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "दाजी, तुमी बसवलेली मोटर माझी हीर बी अशीच उपसती."

चौघेजण उसात शिरले. पात्यांनी हात चिरून घेऊन ते दुसऱ्या बांधाला निघाले, पण विमान कुणालाच दिसलं नाही. "आता उसाला तोड आल्याबिगर घावत न्हाई," अण्णांनी निकाल दिला. पाडव्यानंतर मोकळ्या खोलीत शिवणाचा वर्ग सुरू झाला. दाजी रोज संध्याकाळी त्या बांधावरून चक्कर मारत. स्वतःचं उसाचं टिपरूही नसताना तोड लवकर मिळावी म्हणून साखर कारखान्याच्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागे लागलेला तालुक्यात तो एकच माणूस असावा.

संक्रांतीनंतर तोड आली. तोडणाऱ्या बायांना विमान सापडलं. एक पंख मोडला होता, चाकांचं रबर उंदरांनी खाल्लं होतं. उसाच्या गाडीवर बसून ते घरी आलं, तेव्हा वर्ग भरलेला होता. दाजी दारातच थांबले. ताईने विमानाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरींनो, मशिनी भिंतीकडे सरकवा." पंख सांधून झाल्यावर तिनेच ते आढ्याला टांगून घेतलं.

दाजींनी मुंबईहून एक नंबर लहान मोटर मागवली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती अजून खोक्यात आहे, कारण बसवायची तर विमान खाली घ्यावं लागेल आणि वर्ग बंद ठेवावा लागेल. सुट्टीत बघू, असं दोघंही म्हणतात. मग सुट्टीतही वर्गाला मुली येतात.

मागच्या खेपेला मी गेले, तेव्हा एका नव्या मुलीने विचारलं, "काकू, हे खरंच उडतं का?"

"उडालंय की!" ताई कापडावरून मान वर न करता म्हणाली. "चांगलं अर्धा तास फिरत होतं."

दाजी उंबऱ्याशी बसून तार गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. मी खऱ्या आकड्याची वाट पाहिली. त्यांनी वर आढ्याकडे एकदा पाहिलं आणि तार पुन्हा गुंडाळायला घेतली.