आजोबांनी लपवलेलं फडकं

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी उन्हाळ्यात तीन-तीन महिने मुलाकडे आइंडहोवनला जात असे. व्हिसाच तेवढा. मुलगा-सून सकाळी सायकली काढून ऑफिसला गेले की घरात मी आणि डिशवॉशर. बोलणार कोणाशी? शेजारच्या डच आजोबांनी एकदा विचारलं, "मेव्राऊ, कंटाळलात ना? चला माझ्या कामावर." मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब. बायको गेल्यापासून तेही एकटेच होते.

त्यांचं काम बेसबॉलच्या स्टेडियममध्ये. पगारी खेळाडू, तिकीट काढून आलेली माणसं, सगळं पुढे. आम्ही मागच्या खोलीत. मी शर्टांवरचे उसवलेले आकडे शिवायची, आजोबा चेंडू बघायचे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा चालायच्या. शब्द कमी पडला की मी सरळ मराठीत बोलायची. त्यांना कळायचं, खरंच.

पहिल्याच रविवारी मी घोटाळा केला. आजोबा कॉफी आणायला गेले आणि मला टेबलावर तीन डझन चेंडू दिसले, मातीनं माखलेले. सामना तासाभरावर! म्हटलं, पुसायचे विसरले बिचारे. घेतलं ओलं फडकं आणि दिवाळीची भांडी घासावी तसा एकेक चेंडू लख्ख करून ठेवला. आजोबा दारात आले ते कॉफी हातात घेऊन तसेच उभे.

"मेव्राऊ, माझी अख्खी सकाळ पुसलीत तुम्ही!"

तेव्हा कळलं, नवा चेंडू गुळगुळीत असतो, फेकणाऱ्याच्या हातातून निसटला तर समोरच्याचं डोकं फुटायचं. म्हणून आजोबा नदीकाठची चिकणमाती बोटावर घेऊन प्रत्येक चेंडूला चोळत. मग काय, बसलो दोघं चोळत, छत्तीसच्या छत्तीस. मी रडकुंडीला आलेली आणि हा माणूस हसतोय!

त्यानंतर मी आले की ते आधी माझं फडकं लपवायचे. बुटात, घड्याळामागे, कुठेही. "शोधा आता. तोवर माझे चेंडू सुखरूप."

दुसऱ्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. डझनभर चेंडूंना तास लागे. मी हात पुढे केला की म्हणत, "हे माझं." निघायच्या आदल्या दिवशी मी सांगितलं, आमच्या गावच्या नदीची माती इतकी मऊ, की लहानपणी आम्ही तिनं केस धुवायचो.

"मग आणा. पुढच्या वर्षी तुमच्या मातीनं चोळतो. तोवर मी कुठे जात नाही."

त्या दिवशी फडकं काही सापडलं नाही. "तेही पुढच्या वर्षी शोधा," म्हणाले.

मी माती आणली. चाळून, उन्हात वाळवून, तुपाच्या डब्यात भरून. निघण्याआधी मुलाला फोनवर सांगितलं तर त्यानं विषयच बदलला. मला वाटलं, विमानातून माती आणते म्हणून चिडला.

मुलाच्या घरी पोचल्या पोचल्या डबा घेऊन शेजारी निघाले, तर मुलानं हात धरला. "आई, थांब. आजोबा जानेवारीत गेले."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"तू तिकडे एकटी होतीस गं."

मी खिडकीशी गेले. शेजारच्या खिडकीला दुसरेच पडदे लागले होते.

रविवारी स्टेडियमवर गेले. मागच्या खोलीत फळीवर एक खोकं होतं, गेल्या हंगामातले उरलेले बारा चेंडू, आजोबांनीच चोळलेले. माती वाळून फिकी पडलेली, तिच्यात त्यांच्या अंगठ्याच्या रेषा. अंपायर दारातून डोकावले. "चेंडू आहेत ना?" वाटलं, नाही म्हणून सांगावं. त्यांच्या हातचे एवढेच तर राहिलेत. पण त्या थरथरत्या हातांनी ते खेळण्यासाठीच केले होते ना? एकेक उचलून टोपलीत ठेवला. खोक्याच्या तळाशी माझं फडकं होतं, व्यवस्थित घडी घातलेलं.

अंपायर टोपली घेऊन गेले. बारा चेंडू किती पुरणार? मी तुपाचा डबा उघडला, माती भिजवली आणि नवे चेंडू पुढे ओढले. बाहेर टाळ्या सुरू झाल्या. डोळे भरून आलेले, हात मातीचे. फडकं समोरच होतं, पण त्याची घडी मोडवेना.