साहेबांसाठी सोडलेली दोरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मंडळातल्या सोबत्यांना नाही. दहा वर्षं झाली. परवा नरसीच्या जत्रेत आमच्या तरुण मंडळाच्या पोरांनी भज्यांचं दुकान मांडलं, चुलीभोवती दोरी बांधली, आणि एक जण कौतुकाने म्हणाला, "ही मास्तरांची दोरी." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कुणी ठेवलं हे नाव? आणि ते ऐकून मी हसलो कसा?

दोरीची कल्पना माझीच, हे खरं. गावात वाचनालय काढायचं म्हणून आम्ही जवळा बाजार या गावी आठवडी बाजारात पहिल्यांदा भजी विकायला बसलो. मंडळात दहा-बारा वर्षांची पोरंही होती. कढई तापलेली, बाजाराची रेटारेटी — म्हणून मी चार मेढी रोवून चुलीभोवती दोरी बांधली. आत मी आणि एक मोठा गडी, पोरं सगळी बाहेर. हा नियम मी त्यांच्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतला. मास्तर ना मी, शिकवायची हौस भारी!

युसूफ सगळ्यांत धाकटा, इमामभाई पिंजाऱ्याचा मुलगा. गिऱ्हाइकाला पळसाचे द्रोण देणं हे त्याचं काम. त्याची जागा मेढीला लागून, दोरीच्या बाहेर. ती जागा त्याने सकाळपासून सोडली नव्हती.

दुपारी तालुक्याचे साहेब बाजार बघत आले. पुढे शिपाई, मागे बघ्यांचा घोळका. आणि मला — आता लिहितानाही संताप येतो — मला दोरीची लाज वाटली. साहेबांपुढे दोरी? गोठ्यापुढे बांधल्यासारखी? त्यांनी काही म्हटलं होतं का? नाही. ते बाहेर उभं राहून खायला तयार होते, द्रोणासाठी हातही पुढे केला होता. पण मला त्यांना आत चुलीशेजारी टाकलेल्या बाजेवर बसवायचं होतं, चार लोकांना दाखवायचं होतं. मी गाठ सोडली आणि दोरीचं टोक युसूफच्या हातात दिलं. "धरून ठेव, सोडू नको. साहेब गेले की बांधू."

साहेब आत आले आणि त्यांच्या मागून माणसं लोटली. युसूफ ढकलला गेला, थेट चुलीवर. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या तेलात.

त्याला बाहेर ओढलं तेव्हा दोरी त्याच्या मुठीतच होती. कुणीतरी म्हणालं, ह्यानंच ओढली दोरी. साहेब माझ्याकडे बघत होते. आणि मी काय बोललो? "किती वेळा सांगितलं होतं, दोरीला हात लावू नका."

एवढंच. एका वाक्यात मी सुटलो.

तिसऱ्या दिवशी इमामभाई माझ्या दारात आला. मला वाटलं, कळलं ह्याला. तर तो हात जोडून उभा. "मास्तर, पोरगं लई वांड हाय, कुणाचं ऐकून न्हाई राहिलं. तुमाला लई तकलीफ दिली त्यानं. माफी करा." आणि मी — मी मोठ्या मनाने माफ केलं! बापाने त्याला मारलंही होतं म्हणे, त्या अवस्थेत. पोराने तरी खरं सांगितलं असेल का? सांगितलंही असेल. पिंजाऱ्याच्या पोराचं ऐकणार कोण, मास्तर समोर असताना?

त्याची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. कापूस पिंजायची धनुकली त्या हातात धरवत नाही. बाप पिंजतो आणि हा डाव्या हाताने गाद्या भरतो. बाजारात भेटला की सलाम करतो. डाव्या हाताने करावा लागतो, म्हणून वर माझीच माफी मागतो.

आणि गावभर मास्तरांची दोरी!

मेढ त्याच्या हाताशी होती. दोरी टाकली असती तर मेढ धरून सावरला असता. मी सोडू नको म्हणालो होतो, म्हणून त्याने सोडली नाही.