मेंढीच्या पाठीवरचा गेरू

चहा घ्या, पण घोट गिळल्यावरच पुढचं ऐका, नाहीतर ठसका लागेल. मी बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अँटिबॉडी हा माझा हातखंडा विषय. तालुक्यात हा धडा माझ्यासारखा कुणी शिकवत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असतो.

तर गावात मेंढरांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस द्यायला डॉक्टर आले. आमच्या शेजारच्या भागामावशींची साठ मेंढरं. आदल्या वर्षी याच रोगानं त्यांचा निम्मा कळप गेला होता. म्हणून मावशी सकाळपासून कळप जाळीच्या कुंपणात कोंडून वाट बघत होत्या.

मला काम काय मिळालं? डॉक्टरांनी सुई टोचली की त्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. म्हणजे कुणाला लस झाली ते कळतं. आता एवढ्याशा कामाला विज्ञानाचा पदवीधर, आणि समोर सगळं गाव जमलेलं. मी गप्प बसेन?

"लस म्हणजे काय?" मी सुरू केलं. "जंतूची नुसती ओळख करून द्यायची. शरीर त्याला ध्यानात ठेवतं, अँटिबॉडी तयार करतं. मग खरा जंतू आला की लगेच ओळखून त्याला धरतं!"

माना डोलल्या. मी असा रंगलो की हातही तोंडाच्या पुढे धावायला लागला. रांगेत उभ्या मेंढ्यांना मी आधीच पट्टे ओढत सुटलो. पट्टा दिसला की डॉक्टर म्हणायचे, "हिचं झालंय, सोडा."

शेवटी डॉक्टरांनी सुया मोजल्या. साठ आणल्या होत्या, आठ कोऱ्याच उरल्या.

"आठ मेंढ्या राहिल्यात सर. कोणत्या?"

मी वळून पाहिलं. साठही पाठी लालभडक. सगळ्यांना परत टोचावं, तर उरलेली लस पुढच्या कळपापुरतीच. शोधत बसावं, तर लसीची भुकटी एकदा पातळ केली की दोन तासांत वापरावी लागते. त्या आठांतली एक जरी आजारी पडली, तर मावशींसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?

मावशी मात्र शांतपणे कळपात शिरल्या. "ही बांडी. ही मोडकानी. ही काळतोंडी..." करत कान धरधरून आठही जणी बाहेर काढल्या. डॉक्टरांनी केस बाजूला सारून बघितलं. एकीलाही टोचल्याची खूण नव्हती.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिसलं की. सुई न घेताच गेल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी एवढं झाक समजावून सांगायलते. मधी कसं टोकावं?"

गाव हसलं. मीही हसलो, आणि खरं सांगतो, मला त्या बाईचा लय अभिमान वाटला. साठ चेहरे न विसरणारी ती माझ्या धड्यापेक्षा मोठी अँटिबॉडी होती.

एवढ्यात मावशींनी बोट गेरूत बुडवलं आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर पट्टा ओढला.

"सरांना कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"यांना बी लस झाली की. एकदा चुकलेत, आता जन्मभर ध्यानात ऱ्हाईल. त्यांनीच सांगितलंय."

आता तो धडा मी तोच शर्ट घालून शिकवतो. मोठ्या मानानं डाग दाखवतो. पुढच्या शिबिरात गेरूचा डबा मावशींच्या हातात होता आणि मी मुकाट्यानं मेंढ्या धरत होतो. तेवढ्यात मला वाटलं, चार शब्द सांगावेत. घसा खाकरला.

मावशींनी लगेच दुसरा पट्टा ओढला. म्हणाल्या, "बूस्टर."