खाणीवरची तिसरी शिट्टी

नाथा मढवी बावीस वर्षं खाणीवर होता, पण खाण त्याने धड पाहिलेली नव्हती. दुपारी सुरुंग उडवायच्या वेळी लाल झेंडा घेऊन कच्च्या रस्त्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, हे त्याचं काम. नजर रस्त्यावर, पाठ कड्याकडे. पहिली शिट्टी म्हणजे माणसांनी बाजूला व्हा, दुसरी म्हणजे रस्ता बंद, आणि तिसरी म्हणजे वाट मोकळी आहे, उडवा. ती तिसरी झाल्याशिवाय सुरुंगवाला बटणाला हात लावत नसे. या गोष्टीचा नाथाला जो तोरा होता, तो ठाकुर्लीजवळच्या त्याच्या अख्ख्या गावाला तोंडपाठ होता. खाणीच्या त्या डोंगरावर पूर्वी मढवींची गुरं चरायची, हेही तो सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी.

मार्चमध्ये नौपाड्याची कल्पिता तिथे आली. खडीसाठी खाण पूर्वेच्या कड्याकडे वाढवायची होती. तिथे कुठले पशुपक्षी राहतात याचा अहवाल तिला द्यायचा होता. कड्यावर काहीच नाही असं लिहून गेलं, की मंजुरीचं काम सोपं. पाहुण्यांना आत सोडायचं ते दुपारचा ब्लास्ट उरकल्यावरच, असा खाणीचा नियम. तीन दिवस ती दुर्बीण लावून बसली आणि तीन दिवस तक्त्यात शून्य लिहीत राहिली.

नाथाला त्या शून्याचं भलतंच कुतूहल वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच, "बाय, रोज येतंस आन् काय नाय लिवतंस. काय नाय लिवाला एवरा येल कशाला लागतो?"

ती हसली. "मलाच पटत नाहीये, काका. एवढा मोठा कडा, आणि साधा पारवासुद्धा नाही?"

"पारवं नाय कसं? माझ्या डोक्यावरशी जातात ना रोज."

"कधी?"

हे नाथाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "पयली शिट्टी मारली का."

कल्पिताने कपाळाला हात लावला. पाखरांना शिट्टी कळत होती, आणि ही शहाणी रोज ती उडून गेल्यावर मोजायला येत होती.

पुढचा दिवस तिच्या पाहणीचा शेवटचा. आत जाण्याऐवजी ती बाराच्या सुमारास नाथाच्या झेंड्यापाशीच दगडावर बसली. पारवे मोजले, एकशे चाळीस. पाकोळ्या मोजून होईनात. साडेबाराला नाथाने पहिली शिट्टी मारली आणि सगळा थवा त्यांच्या डोक्यावरून निघून गेला. तो दुसरी मारून रस्ता अडवून उभा राहिला, तरी कल्पिताची दुर्बीण कड्यावरच होती.

"काका, एक दगड हलला."

रस्ता रिकामा आहे हे नाथाने दोनदा पाहिलं आणि मग तो वळला. बावीस वर्षांत त्या घटकेला पहिल्यांदाच. तिने पुढे केलेल्या दुर्बिणीत आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एक कपार दिसली, कपारीत तपकिरी दगड, आणि त्या दगडाला नारिंगी डोळे. शृंगी घुबडाची मादी होती. पोटाखाली पांढऱ्या लोकरीचे दोन गोळे वळवळत होते. दोन शिट्ट्या होऊनही ती जागची उठली नव्हती. तिचा तिन्हीसांजेचा घुमणारा आवाज नाथा लहानपणापासून ऐकत आला होता, पण ती राहते कुठे हे काही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"आजचा सुरुंग कुठल्या बाजूला आहे?" कल्पिताने विचारलं.

"तिच्या पायाखाली, हद्दीच्या टोकाला."

खालून सुपरवायझर रतन हात हलवत होता. नाथाने शिट्टी तोंडात धरली. इतक्या वर्षांत त्याची एकही शिट्टी चुकली नव्हती, आणि ज्याची शिट्टी चुकते त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत, हे त्याला चांगलं माहीत होतं.

पाच मिनिटांनी रतन मोटरसायकलवरून वर आला. "काका, झोपलात काय? मारा ना शिट्टी."

नाथाने शिट्टी तोंडातून काढून सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली.

"वाट मोकली नाय."

रतनने रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "कोण आहे? कुत्रंसुद्धा नाही."

नाथाने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि त्याला खांद्याला धरून कड्याकडे वळवलं.

"बालंतीन हाय," तो म्हणाला.