रेशमाच्या आकड्यावर

परदेशी नोकरीच्या व्हिसाला एकूण सात धोके असतात. आठवा मी.

पहिले सात मी स्वतः शोधून काढले होते. त्यातले चार कागदांचे, दोन तारखांचे आणि एक कंपनीचा. आमच्या ऋतुजाला नेदरलँड्समधल्या एका गुलाबाच्या ग्रीनहाऊसमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा बाकी घर नाचत होतं आणि मी हिशेब मांडत होतो. मी ओझरला कारखान्यात तपासणी विभागात आहे. केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी मी भाग परत पाठवतो. (कारखान्यात माझी लोकप्रियता यामुळे मर्यादित आहे.)

"ऋतुजा, व्हिसा हातात आल्याशिवाय इथला राजीनामा द्यायचा नाही," मी बजावलं.

"नाही देत, पप्पा."

"आणि हातात म्हणजे हातात. मेलवर नाही."

"हो, पप्पा."

पासपोर्ट कुरिअरने आला. आत व्हिसा चिकटवलेला होता. गुळगुळीत, चकचकीत, कडेला तिचा फोटो. मी भिंगाखाली नावाचं एकेक अक्षर तपासलं, जन्मतारीख दोनदा तपासली आणि मग परवानगी दिली. त्याच दुपारी तिने दिंडोरी रोडच्या रोपवाटिकेतला राजीनामा दिला. त्यांनी लगेच तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. म्हणजे आता मागचा दरवाजा बंद आणि पुढचा उघडा. माझ्या मते धोका शून्य!

आमच्या सौभाग्यवतींच्या मते मात्र अजून एक गोष्ट बाकी होती.

"अहो, सत्यनारायण घालायचा. नवी गाडी आली तर आपण पूजा करतो, मग हे तर पोरीचं आयुष्य आहे."

पूजेला माझी हरकत नव्हती. मी फक्त एक अट घातली. पासपोर्ट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत राहील, पिशवीचं तोंड बंद राहील आणि हळदीकुंकू पिशवीला लागेल, पासपोर्टला नाही. गुरुजींनीही कौतुक केलं. "यजमान फार काटेकोर आहेत," ते म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. हा त्या दिवसातला माझा शेवटचा अभिमानाचा क्षण.

पूजा निर्विघ्न पार पडली. आरती झाली. तीर्थ झालं. मग प्रसाद. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. प्रमाण मी स्वतः वजनकाट्यावर मोजून दिलं होतं, त्यामुळे शिऱ्यात तूप कमी पडलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

शेजारच्या जाधवकाकू हातावर शिरा घेऊन पुढे आल्या. "भाऊ, व्हिसा कसा असतो हो? मी कधी पाहिला नाही."

"पिशवीतून पाहा ना, काकू."

"पिशवीला सगळं कुंकूच लागलंय. काय दिसणार, कपाळ!"

तेवढ्यात माझा मेहुणा भास्कर मदतीला धावला. भास्करची मखमलाबादला फुलशेती आहे, आणि कोणी न बोलावता मदतीला धावणं हा त्याचा स्वभाव आहे. "दाजी, तुम्ही पण ना! भाचीचा व्हिसा लोकांनी पिशवीतून बघायचा व्हय?" असं म्हणून त्याने पिशवी उघडली, पासपोर्ट काढला, पान उघडलं आणि अंगठ्याने दाबून धरून सगळ्यांना फिरवून दाखवला. नव्या नवरीचं तोंड बघावं तसे लोक रांगेने पाहून गेले.

अंगठा उचलला तेव्हा व्हिसाच्या कोपऱ्यावर रुपयाच्या नाण्याएवढा तुपाचा डाग होता.

"काही नाही पप्पा," ऋतुजा म्हणाली. "मऊ कापडाने पुसते. अक्षरं सगळी वाचता येतायत. राहू द्या."

राहू द्या! आयुष्यभर मी कोणता डाग राहू दिलाय? मी पान उजेडापुढे धरलं. कागद तिथे पारदर्शक झाला होता. उद्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हेच केलं तर? मी कारखान्यातला तपासणीचा कोट चढवल्यासारखा चेहरा केला आणि उपाय जाहीर केला. आधी टाल्कम पावडर, वर टिपकागद आणि मग कोमट इस्त्री. सौभाग्यवतींच्या पैठणीवर तूप सांडलं होतं, तेव्हा याच पद्धतीने डाग गेला होता.

"अहो, ती साडी होती," ही म्हणाली.

"तूप ते तूप. खाली काय आहे याने फरक पडत नाही."

(हे वाक्य आता आमच्या घरात अधूनमधून म्हटलं जातं. मी खोलीत असताना जरा मोठ्याने.)

मी इस्त्रीचा आकडा रेशमावर लावला. सगळ्यात कमी. हात उलटा धरून उष्णता पाहिली, पावडर सारखी पसरली, टिपकागद ठेवला आणि फक्त एकदा, अगदी अलगद, इस्त्री फिरवली. चुर्रर्र असा बारीक आवाज झाला. तो आवाज पैठणीच्या वेळी झाला नव्हता.

टिपकागद उचलला. व्हिसावरचा चकचकीत थर भाजलेल्या पापडासारखा फुगून गोळा झाला होता. फोटोत ऋतुजा गंभीर बसली होती, कारण व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं असा नियम आहे. आता ती हसत होती. एकाच बाजूने.

भास्कर वाकून पाहत म्हणाला, "दाजी, डाग मात्र गेला हां!"

ऋतुजा खुर्चीवर बसली. इथली नोकरी गेलेली, तिथली जायच्या बेतात, आणि आईने हातात दिलेला शिरा तसाच. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिने व्हिसा कार्यालयाला फोन केला. उत्तर सरळ होतं. खराब झालेला पासपोर्ट चालणार नाही. नवा काढा, त्यावर नवा व्हिसा घ्या. पण त्यासाठी कंपनीने पुन्हा विनंती करायला हवी, आणि रुजू व्हायची तारीख चुकली तर नोकरी द्यायची की नाही हे कंपनीच्या हातात.

"सांगायचं पाण्यात पडला," भास्कर म्हणाला. "नायतर सांगा, बैलानं चावला."

"मामा, तुमच्याकडे बैल आहे कुठे?"

"त्यांना काय माहीत!"

"खोटं बोलायचं नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी बोलतो."

ऋतुजाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इस्त्री अजून माझ्या हातातच आहे.

कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. नाव मारिका. संभाषण इंग्रजीत झालं, मराठीत असं होईल:

"तूप म्हणजे काय?"

"लोणी. त्याची पुढची पायरी."

"पासपोर्ट गोड पदार्थाजवळ का होता?"

"पासपोर्ट देवाजवळ होता, मॅडम. गोड पदार्थ नंतर आला."

"आणि मग तुम्ही त्याला इस्त्री केली?"

"रेशमाच्या आकड्यावर," मी लगेच सांगितलं. काळजी घेतली होती हे त्यांना कळायला हवं ना!

बाई तोंडावर हात ठेवून स्तब्ध झाल्या. मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "असं कोणाला रचून सांगता येणार नाही, म्हणजे खरंच असणार. आम्ही पुन्हा विनंती पाठवतो. पण तारीख एकदाच पुढे ढकलता येईल. गुलाब थांबत नाहीत. ऋतुजा तेव्हाही आली नाही, तर दुसऱ्या कोणाला घ्यावं लागेल."

पुढचे दिवस घरात परीक्षा असल्यासारखे गेले. तातडीचा पासपोर्ट, व्हिसासाठी पुन्हा मुंबईची फेरी, पुन्हा वाट पाहणं. कुरिअर दुसऱ्यांदा आलं तेव्हा तारीख अगदी तोंडावर होती. मी दार उघडायला उठलो.

"हात मागे!" ही ओरडली.

मी हात मागे घेतले. पासपोर्ट ऋतुजाने उघडला, ऋतुजाने तपासला आणि मला लांबूनच दाखवला. यावेळी देवापुढे फक्त खडीसाखर ठेवली, तीही कोरडी. इस्त्री ऋतुजा जाईपर्यंत जाधवकाकूंकडे होती. आमचे कपडेही तिकडेच जात.

ऋतुजा वेळेवर रुजू झाली. गुलाबही ठीक आहेत.

परवा तिने एक फोटो पाठवला. परदेशातून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी कंपनीने माहितीपुस्तिका काढली आहे. त्यात व्हिसाचे धोके सांगितले आहेत. मी वाचत गेलो. चार कागदांचे, दोन तारखांचे, एक कंपनीचा. माझ्या सातही धोक्यांवर शिक्कामोर्तब! अभिमानाने ऊर भरून आला, आणि मी खालची ओळ वाचली.

आठ : पासपोर्टला इस्त्री करू नये. रेशमाच्या आकड्यावरही नाही.