शुक्रवारचे कोफ्ते

आपली फजिती आपणच सांगावी. तिखटमीठ लावण्याचा पहिला हक्क ज्याची फजिती त्याचा, नाही का? तर ऐका.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोहात मी एका कंपनीत क्लार्क. बायको-मुलं वसईला, मी अल मुंतझा भागातल्या एका खोलीत. त्या खोलीत बोलणारे दोघेच, एसी आणि फ्रिज. एक थांबला की दुसरा सुरू. मी ऐकायचो. दोन वर्षं झाली होती, पण माझ्या दारावर वॉचमनशिवाय कोणी टकटक केली नव्हती. तोही भाड्यासाठी यायचा.

ऑफिसात कोस्तास नावाचा ग्रीक इंजिनियर होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला त्याच्या आईचे कोफ्ते शिकवले. भिजवून पिळलेला पाव, खिमा, लसूण, भरपूर जिरेपूड, चिमूटभर दालचिनी. अंगठ्याएवढे लांबट वळायचे आणि टोमॅटोच्या रश्शात सोडायचे. "तुर्क म्हणतील आमचे, ऐकू नकोस!" त्यानं बजावलं. त्यात वाइन पडते म्हणे. दोहात ती कुठून आणणार! मी द्राक्षाचा रस घातला आणि डोळे मिटले.

मनात आलं, हे खायला माणसं हवीत. कोस्तासला बोलावलं, तर तो म्हणाला, "ईस्टरनंतर." मला वाटलं, साहेब लोक, क्लार्कच्या खोलीत कशाला येतील! मग आमच्या वसईतल्या पापडी गावची सेलिन आणि तिचा नवरा रॉबर्ट यांना बोलावलं. सेलिन दोहातच हॉस्पिटलात नर्स. वार अर्थातच शुक्रवार, सगळ्यांच्या सुट्टीचा.

आता इथली गंमत समजून घ्या. आखातात आम्हा ख्रिस्ती लोकांचा रविवार शुक्रवारी येतो. चर्चची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, शुक्रवारी, इस्त्रीचा शर्ट शुक्रवारी, वसईत रविवारी शिजायचं ते मटणही शुक्रवारीच. त्या दिवशी मिस्साला फादरांचा झगा जांभळा दिसला. मला वाटलं, नवा शिवला असेल.

दुपारी दोघं आले. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. असा घमघमाट! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अंकल, माझं पोट जरा बरं नाही," रॉबर्ट म्हणाला.

"आणि मी डाएटवर," सेलिन म्हणाली. सकाळी मिस्सानंतर हिनं हॉटेलातले दोन समोसे खाल्लेले मी पाहिले होते!

मी रॉबर्टला दोन वाढले. त्यानं ते सेलिनच्या ताटात सरकवले. तिनं चमच्यानं परत त्याच्याकडे लोटले. कोफ्ते ताटांमधून फिरत होते, तोंडात काही जात नव्हते. माझं डोकं फिरलं.

"हॉटेलातलं चालतं! माझ्या हातचं नको!" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "एवढं जड होत होतं तर आलात कशाला?"

"अंकल, आज शुक्रवार आहे हो!" सेलिन रडकुंडीला आली.

"म्हणूनच बोलावलं ना!"

"उपवासकाळातला शुक्रवार! ईस्टरपर्यंत शुक्रवारी मटण बंद!"

फादरांचा जांभळा झगा उपवासकाळाचा होता तर! मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग छताकडे, कारण तिकडूनही कोणी पाहत असणार.

"पण इथला शुक्रवार म्हणजे रविवार," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"मिस्साला रविवार, अंकल. मटणाला शुक्रवारच!" रॉबर्ट म्हणाला, आणि सेलिन अशी हसत सुटली की खुर्चीवरून घसरली.

पातेलं वॉचमनकडे गेलं. आम्ही खुबूसच्या रोट्या, लोणचं आणि केळी खाऊन संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या. त्या दिवशी एसी चालू होता की बंद, मला आठवत नाही. जाताना सेलिन म्हणाली, "अंकल, हेच कोफ्ते ईस्टरला करा. नक्की येऊ!"

आता मी कॅलेंडरचा धसका घेतला होता. ईस्टर म्हणजे रविवार, अस्सल रविवार! साहेबांपुढे हात जोडून रजा घेतली. पहाटेपासून खिमा मळला. चार ताटं मांडली, कोस्तासचं चौथं; त्यालाही "ईस्टरला ये" म्हटलं होतं. एक वाजला, दोन वाजले. शेवटी सेलिनच्या हॉस्पिटलात फोन केला.

"अंकल, हॅपी ईस्टर! पण आज रविवार ना, आम्ही दोघं ड्युटीवर! आम्ही येता शुक्रवार धरला होता. इथे ईस्टरचं जेवण शुक्रवारीच असतं ना!"

कोस्तासला लावला. तो म्हणाला, "अरे, आम्हा ग्रीकांचा ईस्टर पुढच्या आठवड्यात. माझा अजून उपवास आहे!"

मी तीन ताटं उचलून ठेवली आणि चौथ्यात वाढून घेतलं. कोफ्ते झकास झाले होते. अर्थात हे माझं एकट्याचं मत. दुसरं मत द्यायला खोलीत कोणी नव्हतं.